हिरव्या ठिपक्यांची गल्ली

बिस्त्रिक, सारायेवो
४ मार्च

मेन्सूर, माझ्या भावा,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. इतक्या वर्षांनी तू मला फोनवर लिहिलंस, आणि लिहिलंस काय, तर "तुमच्या गल्लीतले लोक खोटारडे आहेत की आंधळे?" मी ते वाचलं आणि आधी कॉफी टाकली. बोलणी तर बोलणी, भावाची आहेत. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की तू खरंच रागावलायस. तिसऱ्यांदा वाचताना हसू आलं, कारण आपल्या गल्लीत आंधळा एकच, नझीफ, आणि तो कधी खोटं बोलत नाही.

उत्तर मुद्दाम कागदावर लिहितेय. फोनवर लिहिलं की तू अंगठ्याने एक शब्द दाबणार आणि मोकळा होणार. कागद स्वीडनला, माल्मोला पोचेपर्यंत तुझा राग जरा निवेल, असाही माझा डाव आहे.

आता तू विचारलंस त्याबद्दल. तू तिकडे ज्या नकाशावर काम करतोस, तो गेल्या शरदात आपल्या गल्लीत आला. कॉलेजची पोरं फोन घेऊन दारोदार हिंडत होती. विचारायची एकच गोष्ट: व्हीलचेअरवरचा माणूस तुमच्याकडे आत येऊ शकतो का? येऊ शकत असेल तर हिरवा ठिपका, एखादी पायरी असेल तर पिवळा, नाहीच तर लाल. आता तूच सांग, फेहीमच्या बेकरीच्या दारात उभं राहून कोणी विचारलं की अमका माणूस तुझ्याकडे येऊ शकतो का, तर फेहीम काय म्हणेल? "म्हणजे काय? बुयरुम!" आणि आपल्याकडे बुयरुम म्हटलं की या, बसा, जेवा, राहा, सगळं त्यात आलं. झालं, हिरवा. झ्लात्को न्हावी म्हणाला, "येऊ दे की, पहिली दाढी माझ्याकडून." हिरवा. शेजारच्या सबाहेताने तर घराचा ठिपका लावून घेतला आणि वर पोरांना विचारलं, कधी येणार आहेत पाहुणे, पालक-चीजच्या पिठा लाटायला घेऊ का? खालपासून वरपर्यंत गल्ली हिरवीगार. पायऱ्या कोणी मोजल्याच नाहीत. पायऱ्यांचं कोणी विचारलं होतं? माणसाचं विचारलं होतं.

ती स्लोव्हेनियातली, मारिबोरची मुलगी, श्पेला, तिची तक्रार तुझ्या टेबलावर आली असणार. मी तिथेच होते. नकाशात हिरवा बघून ती एकटी, आपल्या व्हीलचेअरची चाकं फिरवत, फेहीमच्या पायऱ्यांपाशी आली आणि वर बघत राहिली. पाऊस पडत होता. फेहीम पिठाच्या हातांनी धावला, झ्लात्को समोरून कात्रीसकट धावला, दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून आत नेलं. भट्टीतला गरम सोमुन दिला, त्यावर कायमाकची घट्ट साय थापून दिली, पैसे घेतले नाहीत. ती रडायला लागली. आम्हाला वाटलं, आनंदाने.

आणि तू तिच्या बाजूचा झालास! ती कोण कुठली, आम्ही तुझे.

माझ्या मुबेराच्या लग्नाचं मी काढणार नव्हते, पण काढतेच. चौघांनी तुला खुर्चीसकट वरच्या हॉलमध्ये नेलं. अकॉर्डियन वाजत होतं, लोक टाळ्या वाजवत होते, माझी मुलगी जिन्याच्या वरच्या टोकाला उभी राहून रडत-हसत होती की मामा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास तो गेलास. मी अजून कोणाला सांगू शकत नाही तू का गेलास, कारण मला ते नीट कळलेलंच नाही. तुला खाली अंगणात ठेवून आम्ही वर जेवायला बसायचं होतं?

जाऊ दे. भांडण करायला नाही लिहीत. मला हवंय एवढंच, की यंदा चेरी पिकल्या की तू माझ्या टेबलाशी बसावंस. जितका काळ उरलाय त्यात एकदा तरी. काय केलं म्हणजे येशील ते लिही. दोन ओळींत लिहिलंस तरी चालेल, थोरल्या बहिणीला 'सेका' म्हणालास की पुरे.

तुझी सेका,
रझीया


बिस्त्रिक
२६ मार्च

भावड्या,

दोन ओळी म्हटलं तर तू एकच पाठवलीस. "नकाशा खरा करा, मग बघू." पण त्यात 'मग' आहे. मी तो 'मग' धरून बसलेय.

दुसऱ्याच दिवशी फेहीमकडे गेले. त्याला म्हटलं, "फेहीम, तुझ्या दाराला लाल लावायचाय."

"लाल?" त्याने हातातलं भट्टीचं फावडं खाली ठेवलं. "रझीया, बरी आहेस ना? युद्धाच्या वेढ्यात बॉम्ब पडत होते तेव्हा माझ्या बापाने भट्टी विझू दिली नाही, आणि मी आता दारावर लाल लावू? इथे येऊ नका म्हणून?"

"येऊ नका नव्हे रे. येता येत नाही."

"कोण म्हणतं येत नाही? मी मेलोय का? हे दंड कशाला आहेत?"

"पीठ मळायला."

"त्या पोरीला मी पिसासारखी उचलली!"

"तिला विचारलंस?"

"पावसात विचारत बसू? तुला कोणी भाजी देताना विचारतं का, पिशवीत टाकू का म्हणून?"

झ्लात्को आपल्या दारातून ओरडला, "रझीया, लाल म्हणजे रस्त्यावरचा दिवा. गिऱ्हाईक थांबेल आणि शेजारच्या गल्लीत वळेल. तू आमच्या पोटावर का उठलीस?"

सबाहेता तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पण तिच्याच माळ्यावर तिच्या आईची चाकांची खुर्ची पडलेली होती. ती मी मागून आणली, धूळ पुसली, चाकात तेल घातलं. म्हटलं, तोंडाने सांगून ह्यांच्या डोक्यात शिरत नाही, डोळ्यांना दाखवू. खुर्ची फेहीमच्या पायऱ्यांशी नेली, तिच्यात बसले आणि हाक मारली. दोघे बाहेर आले. मी म्हटलं, "ही बघा खुर्ची. ह्या बघा पायऱ्या. आता..."

'आता'च्या पुढे मला जाताच आलं नाही. एका बाजूने फेहीम, दुसऱ्या बाजूने झ्लात्को, आणि मी हवेत.

"अरे, खाली ठेवा!"

"काय हलकी झालीस गं! जेवतेस की नाही?"

"खाली ठेवा म्हणते ना!"

"भिऊ नकोस, पाडत नाही!"

"माझी चप्पल..."

"भिऊ नकोस म्हटलं ना, रझीया!"

मेन्सूर, ह्या फेहीमचं नाक मी पुसलेलं आहे. झ्लात्कोच्या लग्नातला सूट मी शिवलाय. आणि तेवढ्या पाच पायऱ्यांत माझा आवाज कुठे गेला ते मला कळलं नाही. मी ओरडत होते आणि ते हसत होते, प्रेमानेच हसत होते, तेच तर. शिव्या देत असते तर मी दोन थोबाडीत मारल्या असत्या. प्रेमाने हसणाऱ्याच्या थोबाडीत कशी मारायची?

वर पोचल्यावर फेहीमने धापा टाकत झ्लात्कोला विचारलं, "हिला कुठे ठेवू?"

मला! 'ठेवू'!

  तेवढ्यात कोपऱ्यातून नझीफ म्हणाला, "रझीया, तुझी चप्पल पडली. दुसऱ्या पायरीवर. मघाशीच पडली, तू सांगत होतीस."

ज्याला दिसत नाही त्यालाच ऐकू आलं होतं.

फेहीम खाली जाऊन चप्पल घेऊन आला. माझ्या पायात घालायला वाकला, मग थांबला आणि चप्पल माझ्या हातात दिली. फोन काढला, ठिपका उघडला. मग म्हणाला, "लाल लावतो. पण नुसता लाल नाही लावणार, मला लाज वाटेल. खाली काही लिहायला जागा आहे का?"

जागा आहे म्हटलं. मग त्याने लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: "पाच पायऱ्या. डाव्या हाताला कठडा. खालून फोन करा, फेहीम बाहेर येईल."

नझीफने मान वळवली. "डाव्या हाताला कठडा आहे?"

"बापाच्या वेळेपासून आहे."

"मी रोज येतो इथे. मला कधी कोणी सांगितलं नाही."

"तुला नेहमी कोणी ना कोणी हात देतं ना, नझीफ. कठडा कशाला लागतो?"

"तेच म्हणतोय मी," नझीफ म्हणाला, आणि उठून, चाचपत, डाव्या हाताने कठडा धरून एकटा खाली उतरला. मग पुन्हा वर आला. मग पुन्हा खाली. आम्ही तिघे दारात उभे राहून बघत होतो, आणि फेहीमचा एक ट्रे सोमुन जळाला.

जास्त लिहीत नाही. लग्नाचं मी परत काढणार नाही.

रझीया


बिस्त्रिक
१९ एप्रिल

मेन्सूर बाळा,

बैरामची ईद झाली. बकलावा तुझ्या नावाचा वेगळा काढून ठेवला होता, तो शेवटी झ्लात्कोने खाल्ला. त्याचा धर्म वेगळा असला तरी बकलाव्याला तो आमच्यापेक्षा कडक पाळतो.

तू म्हणालास रोज नकाशा उघडून बघतोस, तेव्हा तुला माहीतच असेल. पण ठिपक्यात दिसत नाही ते मी सांगते. फेहीमने लाल लावल्यावर झ्लात्कोला मागे राहवलं नाही. त्याने लिहिलं, "तीन उंच पायऱ्या. उन्हाळ्यात खाली सपाटीवर दाढी करून मिळेल, थंडीत घरी येतो." आणि खरंच एक खुर्ची, आरसा आणि छत्री घेऊन तो खाली बसायला लागलाय. लोक नदीवरून फिरायला येतात ते थांबून फोटो काढतात. तो म्हणतो, माझं भाग्य लाल ठिपक्याने उजळलं. पोटावर उठल्याबद्दल मला काय काय ऐकवलं होतंस, म्हटलं. तो म्हणतो, ते दुसरं कोणीतरी असेल.

मग त्या कॉलेजच्या पोरांनी पुन्हा येऊन घंटा जोडून दिली. खालच्या वळणावर उभं राहून नकाशातल्या दुकानावर बोट ठेवलं की आत दुकानात घंटा वाजते, आणि कोण आलंय, काय हवंय ते फोनवर बोलता येतं. पाहुणा आत येऊ शकत नसेल तर दुकानाने बाहेर जायचं, असं ठरलं. आणि सगळ्यात जास्त घंटा कोण वाजवतं माहितीये? सबाहेता. तिच्या पायांना धाड भरलेली नाही, पण खालून बोट दाबून ब्रेड मागवते. फेहीम ओरडतो, "सबाहेता, तुला पाय आहेत!" ती खालून ओरडते, "नकाशात लिहिलंय का पाय असलेल्यांनी वाजवू नये?"

नझीफचा फोन आता सगळ्या नोंदी त्याला वाचून दाखवतो. तो गल्लीचा तपासनीस झालाय. परवा मशिदीच्या नळाशी थांबून म्हणाला, "इथे लिहिलंय उजवीकडे खड्डा आहे. खड्डा डावीकडे आहे. उजवीकडे आहे म्हणणारा कोण दीडशहाणा?" मीच लिहिलं होतं. मी नळाकडे पाठ करून उभी होते ना.

आणि आता तुझं. ह्या खेपेला तू पाच ओळी लिहिल्यास, मी मोजल्या नाहीत असं समजू नकोस. शेवटची ओळ ही: "सगळी गल्ली खरी झाली, सेका. एकच हिरवा उरलाय. तुझा."

हो, उरलाय. माझाच.

अरे, दुसऱ्याच्या दाराला लाल लावायला सांगणं सोपं. हे घर तुझंही आहे. तू इथे रांगलास. मोटारसायकलवरून पडलास ते इस्पितळातून इथेच आलास. ह्या घरावर मी कसं लिहू की मेन्सूर इथे आत येऊ शकत नाही? तीनदा फोन उघडला आणि बंद केला. मग उगीच पिठा करायला घेतल्या, कोणी खाणारं नसताना.

काल शेवटी शिवणाची टेप घेतली आणि मोजायला बसले. दारात तीन पायऱ्या, ते मला माहीत होतं. उंबरठा, माहीत होता. पण न्हाणीघराचं दार मी आयुष्यात पहिल्यांदा मोजलं. सबाहेताच्या आईची खुर्ची त्यातून जात नाही, तुझी काय जाणार? तू त्या खुर्चीत बसून ह्या घरात वर्षानुवर्षं राहिलास आणि ते दार कोणाच्या नजरेला आलं नाही. कसं येणार, तू दारापर्यंत खुर्चीत आणि पुढे आमच्या हातांत. दर वेळी. सकाळ-संध्याकाळ. आणि त्या काळात तू किती कमी पाणी प्यायचास ते मला काल आठवलं. आई म्हणायची, ह्या पोराला तहानच लागत नाही.

टेप गुंडाळली आणि चौथ्यांदा फोन उघडला.

मग लाल लावला. खाली लिहिलं: "तीन पायऱ्या, एक उंबरठा. न्हाणीघराचं दार अरुंद, सुतार सांगितला आहे. अंगण रस्त्याच्या पातळीवर. चेरीखाली टेबल. न विचारता कोणी हात लावणार नाही."

बघ दिसतंय का.

रझीया


बिस्त्रिक
२ जून

मेन्सूर,

येतोयस! एवढंच लिहायला कागद घेतला.

हॉटेलात उतरणार हे वाचून मात्र मी चिडले. सख्ख्या बहिणीचं घर असताना नदीकाठच्या हॉटेलात! लोक काय म्हणतील? मग तुझ्या त्या नकाशात जाऊन हॉटेलचं न्हाणीघर बघितलं. फोटो होता. दार एवढं रुंद की त्यातून गाय जाईल. बरं, उतर हॉटेलात. सुताराने माझं दार अजून केलेलं नाही. विचारलं की 'आलोच' म्हणतो. तो 'आलोच' गेले सहा आठवडे वाटेत आहे.

चेरी पिकायला लागल्यात. चिमण्यांना मी सांगून ठेवलंय.

रझीया


बिस्त्रिक
९ जुलै

माझ्या मेन्सूर,

तू पोचलास, खुर्चीही एकाच तुकड्यात पोचली, हे ऐकून बरं वाटलं. इथे घर रिकामं वाटतंय. तू घरात पाऊल... चाक ठेवलं नव्हतंस, अंगणातच होतास, तरी घर रिकामं वाटतंय, हे कसं ते मला सांगता येणार नाही.

सबाहेता अजून सांगत असते की मेन्सूर एकटा ट्रॅममध्ये बसून पार इलिजापर्यंत गेला आणि येताना तिला लोकुमची मिठाई घेऊन आला. तिला लोकुमपेक्षा त्या 'एकटा'चं जास्त कौतुक. तू रोज संध्याकाळी येऊन सांगायचास, कुठल्या ट्रॅमला पायरी नाही ते फोन आधी सांगतो, कुठल्या संग्रहालयाची लिफ्ट बंद आहे तेही, म्हणजे फुकटची फेरी नाही. मी मान हलवायचे. खरं तर मी तुझं बोलणं कमी ऐकत होते आणि तुझ्या हातातल्या पाण्याच्या ग्लासाकडे जास्त बघत होते. दोन ग्लास प्यायचास. मग म्हणायचास, "चल, हॉटेलात जाऊन येतो," आणि जाऊन यायचास. कोणाला काही सांगावं न लागता.

पण मी लिहायला बसले ते पहिल्या दिवसाबद्दल. तू पुढे बघत होतास, त्यामुळे मागे काय चाललं होतं ते तुला माहीत नाही.

टॅक्सी खाली वळणावर थांबली. तू स्वतः उतरलास, खुर्ची स्वतः उघडलीस. अख्खी गल्ली बाहेर आली होती. मी आदल्या दिवशी सगळ्यांना तंबी दिली होती, हात लावाल तर बघा. म्हणून सगळे हात पाठीमागे बांधून उभे. शाळेच्या ओळीत उभे करावेत तसे. फेहीमने तर हात ॲप्रनच्या खिशात कोंबून वरून नाडी बांधून घेतली होती, स्वतःवर भरवसा नाही म्हणून.

तू चढायला लागलास. पहिला चढ झपाझप. झ्लात्कोच्या छत्रीपाशी जरा हळू. बेकरीच्या जरा अलीकडे थांबलास. तुझी मान लाल झाली होती. तुझे खांदे वर-खाली होत होते आणि आमचेही तुझ्याबरोबर वर-खाली होत होते. कोणी हललं नाही. सबाहेता ओठ चावत होती. फेहीमच्या खिशात दोन ससे असल्यासारखी हालचाल. नझीफ माझ्या कानात म्हणाला, "थांबला का? का थांबला? कोणीतरी सांगा ना मला!"

आणि तू मान न वळवता म्हणालास, "अरे, कोणी जरा हात लावेल की नाही?"

आणि कोणीच पुढे येईना! मला तेव्हा हसावं की रडावं कळेना. प्रत्येकाला वाटलं ही परीक्षा आहे. फेहीम पुटपुटला, "हे आपल्याला फसवायला विचारतोय." झ्लात्को म्हणाला, "तू जा." फेहीम म्हणाला, "तू जा, मला नाडी बांधलीय."

मग मी आले. "मी लावू?" म्हटलं.

"मग काय शहराच्या महापौराला बोलावू?" म्हणालास.

मी मागच्या दांड्या धरल्या. तू चाकांवर हात टाकलेस आणि आपण निघालो. मध्येच तू विचारलंस, "सेका, ढकलतेयस ना?" मी म्हटलं, "ढकलतेय." पुढे विचारलंस, "मग एवढं जड का लागतंय?" मी म्हटलं, "इथे चढ वाढलाय, तू गेल्यापासून."

मेन्सूर, चढ आहे तेवढाच आहे. माझा उजवा गुडघा गेल्या हिवाळ्यापासून माझं ऐकत नाही. त्या चढावर मी हल्ली दोनदा बसते, एकदा फेहीमच्या पायरीवर, एकदा नळाच्या कट्ट्यावर. कोणाला सांगितलेलं नाही, सांगितलं तर हे लोक मला उचलतील. त्या दिवशी मी दांड्या धरल्या त्या धरल्याच. फेहीमची पायरी गेली, कट्टा गेला, मी कुठे बसले नाही. तुझे हात चाकं फिरवत होते आणि मी मागे लोंबकळत होते. लोक टाळ्या वाजवायला लागले, बहीण भावाला वर आणतेय म्हणून, आणि मी गप्प राहिले.

तुला कोणी ढकलत नव्हतं, भावड्या. मला वर तू आणलंस.

तुझी सेका,
रझीया